वरच्या गावांचे डबे

योजनांचं मूल्यमापन सरकारी अधिकाऱ्यांच्या खरोखर कामी कसं येईल, यावर बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, माझं व्याख्यान होतं. एखादं बोलकं उदाहरण हवं म्हणून राइनाबाईंना फोन केला. डॅन्यूबकाठच्या एका तालुक्यात एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवण द्यायची योजना त्या चालवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या योजनेच्या मूल्यमापनाचा अहवाल मीच लिहिला होता.

"अहवालाचा उपयोग झाला का?"

"झाला की. या, दाखवते."

गेलो. कॉफी पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "ल्युबेन साहेब, पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, वरच्या गावांतून डबे भरलेलेच परत का येतात. आठवतंय?"

आठवत होतं. 'ते आमच्या कामात बसत नाही,' असं मी हसून म्हणालो होतो.

"मग तुमची एकशे चाळीस पानं आली. तीन रविवार वाचत बसले. वाटलं, उत्तर असणारच, माझ्याच डोक्यात शिरत नाहीये. शेवटी सापडलं." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. 'कमी प्रतिसादाच्या मार्गांचा फेरविचार व्हावा.' "केला फेरविचार. वरची गाडी बंद केली. चौदा घरं."

मी त्यांतल्या एकाही घरी गेलो नव्हतो. प्रकरणाचा शेवट अर्धवट वाटत होता, म्हणून ती ओळ घातली होती. हे मी त्यांना सांगून टाकलं.

राइनाबाईंनी अहवाल मिटला. म्हणाल्या, "म्हणजे मी मूर्ख नव्हते."

"चला, त्या घरी जाऊन विचारू," मी म्हणालो.

त्यांच्याच गाडीतून आम्ही वर गेलो. पहिल्याच घरी मित्रा आजी भेटल्या.

"डबा अकराला यायचा, बाळा. अकराला मी शेळ्यांमागे, परतते दोनला. दारात ठेवला तर कुत्री खाणार, म्हणून ड्रायव्हर परत न्यायचा."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी?"

आणखी तीन घरी तेच ऐकलं. दुपारी राइनाबाईंच्या टेबलावर बसून मी अर्धं पान लिहिलं: वरची गाडी दोन वाजता पाठवा.

पुढच्या सोमवारी गाडी सुरू झाली. पण घरं अकराच उरली होती. दोघं वृद्धाश्रमात गेले होते, एक आजोबा वारले होते. आजोबा कशाने गेले, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

व्याख्यानात मी हे सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.