पालवीबाबाची पिवळी रोपं

कापड दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पालवीबाबाने लाकडी पेटीचं झाकण उघडलं आणि गर्दीतून एकच "अगंबाई!" उमटलं. आतल्या कुंडीत समोरच्या बाईच्या नावाने पेरलेल्या घेवड्याचे कोंब वीतभर वाढलेले, पण पिवळेफटक. बाहेरच्या कुंडीत एका धडधाकट शिष्याच्या नावाचे कोंब बुटके, हिरवेगार.

"बघ बाई, तुझं दुखणं रोपात उतरवलं! आता गोळ्या गटारात टाक."

ही बाई म्हणजे माझी वहिनी. तिला आकडी यायची, पण गोळ्यांवर ती ठणठणीत होती. मी बोललो तर दादा माझ्यावरच खेकसला, "फार शहाणा लागून गेलास! डोळ्यांनी बघितलंय मी."

गोळ्या बंद केल्या आणि आठवडा उलटायच्या आत वहिनी दूध तापवताना आकडी येऊन शेगडीवर कोसळली. हात कोपरापर्यंत भाजला. दादाने रडत बाबाला फोन केला. उत्तर आलं, "श्रद्धा कमी पडली."

हे ऐकून वहिनीच्या बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती शाळेत विज्ञान शिकवते. पुढच्या सभेला ती दोन कुंड्या घेऊन थेट बाबासमोर उभी राहिली. एकीत पिवळे, लांबुडके कोंब होते, दुसरीत हिरवे.

"महाराज, हा माणूस कसा आहे?"

बाबाने डोळे मिटले. "अरेरे! मरणाच्या दारात आहे बिचारा."

"तुमच्याच नावाने पेरलंय!"

हॉलमध्ये हशा पिकला. बाबाचा चेहरा पडला.

"खोक्याखाली झाकून ठेवली होती, बस," ती लोकांकडे वळली. "अंधारात कोंबातली संप्रेरकं खोडाला नुसतं ताणत नेतात, उजेड गाठायला. हिरवा रंग तयारच होत नाही. उजेड पडला की ती धाव आवरते, पानं उघडतात, हिरवी होतात. ही दुसरी कुंडीही परवापर्यंत पिवळीच होती. खिडकीत ठेवली. मग हिचा आजार गेला कुठे? खिडकीला झाला?"

दादा उठून बाबावर ओरडला, "माझ्या बायकोचा हात भाजलाय, त्याचं काय ते बोल!"

बाबा मागच्या जिन्याने पळाला.

वहिनी पुन्हा गोळ्या घेते. हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. आणि गल्लीत काही महाभाग म्हणतातच, "त्या दिवशी योग नव्हता."

अशांना काय सांगावं? बाकीच्यांना एवढंच सांगतो : कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा, "हेच मी माझ्या घरी करून बघू?" खरं असेल तर तो हो म्हणेल. आणि डॉक्टरांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.