कासवखडकाची वाट

समुद्र जागेवर नव्हता.

बस थांबली तशी आमची तेवीस मुलं सुरूच्या झाडांमधून ओरडत धावत सुटली आणि किनाऱ्यावर जाऊन एकदम गप्प झाली. समोर नुसती ओली वाळू. तिच्यावर तिरपे पळणारे इवलेसे खेकडे. पाणी पार लांब, पातळ पट्टीसारखं चमकत होतं. दोन दिवस बसमध्ये मी या मुलांना लाटांच्या गोष्टी सांगत आलो होतो.

"गुरुजी, समुद्र कुठंय?"

मी काही बोलायच्या आत कारभारी म्हणाले, "पाणी सोडलं असंल खाली कुणीतरी. येईल, येईल. जातंय कुठं!"

ही १९६४ सालची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. पोलीस ॲक्शननंतर आमच्या भागात मराठी शाळा निघाल्या, तेव्हापासून मी मुकुंदवाडीला मास्तर होतो. इतक्या वर्षांत भरती-ओहोटी मी दरसाल फळ्यावर शिकवली, पण समुद्र काही पाहिला नव्हता. फळ्यावरचा माझा समुद्र म्हणजे खडूच्या तीन वाकड्या रेघा. त्या वर्षी चौथीची परीक्षा संपल्यावर एस. टी.ची बस ठरवली आणि मुलांना घेऊन कोकणात माडवण्याला आलो. सोबत स्वयंपाकाला द्वारकाबाई आणि गड्याचं बळ म्हणून कारभारी.

कारभाऱ्यांना मी मुद्दाम आणलं होतं. त्यांची मुलगी अंबिका यंदा चौथी पास झाली. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी चिकलठाण्याला, दीड कोस चालत जावं लागे. मी तीनदा त्यांच्या दारात जाऊन बसलो होतो. तिन्ही वेळा चहा मिळाला आणि उत्तर एकच.

"मी दोन जमाती शिकलो गुरुजी, त्या पण उर्दूत. काय अडलं माझं? पोरीनं चार केल्या. लई झालं. आन् मळ्यात दारं कोण धरणार?"

विहीर चार घरांत सामाईक, आणि पाण्याची बारी, म्हणजे पाळी, कारभारी लावून देत. दारं धरायची म्हणजे विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं. हे काम अंबिका सात वर्षांची असल्यापासून करत होती, आणि चांगलं करत होती. तिच्या शिक्षणाची खरी अडचण तीच होती. चार दिवस लेकीला इतर मुलांबरोबर पाहिलं तर कारभाऱ्यांचं मन थोडं हलेल, एवढीच माझी आशा.

माडवणे हे लहानसं गाव. एक बाजारपेठ, नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि किनाऱ्याला लागून मुंबई-पुण्याच्या लोकांचे हवा खायचे बंगले. सुट्टी असल्यानं गाव भरलेलं. टांगे, कोकम सरबताच्या गाड्या, दोरीवर वाळणारी रंगीत लुगडी. एका फोटोग्राफरनं वाळूत पडदा उभा केला होता आणि त्या पडद्यावर समुद्र रंगवलेला होता. लोक खऱ्या समुद्राकडे पाठ करून रंगवलेल्या समुद्रापुढं फोटो काढून घेत होते. आमच्या मुलांना या प्रकाराचं फार हसू आलं.

पण मुलांची नजर खिळली ती कासवखडकावर. किनाऱ्यापासून दोन-तीनशे पावलांवर पाठ वर काढून बसलेला काळा खडक, त्यावर पांढरी छोटी देवळी. ओहोटीला तिथपर्यंत दगडांची वाट उघडी पडते. आम्ही पोचलो तेव्हा माणसं त्या वाटेनं परत येत होती.

"आपण जाऊ," मी म्हणालो. "आधी सामान लावू, दोन घास खाऊ, मग जाऊ. सगळे जाऊ. शब्द देतो."

गावातल्या शाळेच्या ओसरीवर आमची उतरायची सोय होती. सामान लावून, पिठलं-भाकरी खाऊन दहाला परत आलो तर वाट नाहीशी! खडकाच्या चारी बाजूंना पाणी, आणि लाटा थेट आमच्या पायांपर्यंत. मुलं वाट विसरली आणि पाण्यात शिरली. त्यांना बाहेर काढता काढता दुपार झाली. द्वारकाबाईंनी बोट बुडवून पाणी चाखलं, "आयतं मिठाचं पाणी हाय की!" म्हणत घागरभर उचललं आणि त्यात आमटी केली. ती आमटी कुत्र्यानंही नुसती हुंगून सोडली.

किनाऱ्यावर धाकलू नाखवा नावाचे एक म्हातारे कोळी जाळं शिवत बसले होते. मी त्यांना विचारलं, "नाखवा, ही वाट कधी उघडते?"

"आज सव्वासातला उघडली व्हती, गुरुजी. घटका-दीड घटका नव्हं, चांगली दीड तास ऱ्हाते."

मी वहीत लिहून घेतलं: सव्वासात. शाळेची घंटा रोज एका वेळी, आगगाडी रोज एका वेळी, तसाच समुद्र, असं मी धरून चाललो. नाखव्यांच्या बोलण्यातला 'आज' मी सोडूनच दिला.

दुसऱ्या दिवशी सातलाच आम्ही रांगेनं किनाऱ्यावर हजर. सव्वासात झाले, साडेसात झाले, वाटेवर मांडीभर पाणी. पावणेआठला मुलांची चुळबूळ सुरू झाली. मी म्हणालो, "चला, तोवर टेकडीवरचा दिवा बघून येऊ." दीपगृहाच्या टेकडीवर अर्ध्यात पोचलो, तोच अंबिका ओरडली, "गुरुजी, उघडली! ती बघा, माणसं निघाली!"

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून पाच मिनिटं. लगेच मागं फिरायला पाहिजे होतं, पण पुढची मुलं वर पोचली होती. दिवा पाहून, सगळ्यांना गोळा करून खाली येईतो दहा वाजत आले. वाट बुडाली होती. माझा शब्दही.

संध्याकाळी ओसरीवर सगळे बसले होते. दुसऱ्या दिवशी अकराला बस सुटायची होती. मी खजील होऊन म्हणालो, "उद्या एक शेवटची संधी आहे. नक्की वेळ कुणाला तरी विचारून येतो."

"विचारायचं काय त्यात?" कारभारी म्हणाले. "आज आठला उघडली. उद्या आठलाच उघडंल."

"नाय आबा," अंबिका म्हणाली. "उद्या नवाला पाच कमी."

"ते कसं काय?"

"काल सव्वासात. आज आठ-पाच. पन्नास मिनिटं सरकली. उद्या अजून पन्नास सरकणार. आपल्या विहिरीची बारी नाय का सरकत? उन्हाळ्यात विहीर खुणेपर्यंत भरायला रोज उशीर, म्हणून रोजची बारी कालच्यापेक्षा पुढं. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना."

कारभारी मोठ्यांदा हसले. "आगं येडे, विहीर आटती म्हणून बारी सरकती. समुद्र काय आटतो व्हय? कालचं सव्वासात कोण म्हणलं? तो म्हातारा. त्याच्याकडं घड्याळ तरी होतं का?"

"त्यांना घड्याळ लागत नसंल."

"लई शहाणी झाली!" कारभाऱ्यांना आता चेव आला. "लाव पैज. उद्या वाट आठला उघडली तर पाचवीचं नाव काढायचं नाय. गुरुजींनी पण नाय."

"आन् नवाला पाच कमी असताना उघडली तर?"

"तर जा पाचवीला! मीच नेऊन घालतो."

"कबूल," अंबिका म्हणाली. मुलांनी एकच गलका केला.

मी म्हणालो, "कारभारी, लेकराचं शिक्षण हे काय पैजेवर लावायचं?"

"तुम्ही पंच, गुरुजी. घड्याळ तुमचं. आन् कुणाला विचारायचं नाय, ना तिनं, ना मी, ना तुम्ही."

द्वारकाबाईंचा त्या दिवशी संकष्टीचा उपास होता. त्या चंद्राची वाट पाहत जपमाळ ओढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कारभारीभाऊ, हरलात तर घरी अंबिकाच्या आईला काय सांगाल?"

"हरतो कशाला!"

मी उठून किनाऱ्याकडं चालू लागलो. पाय मोकळे करायला जातो असं सांगितलं. खरं तर नाखव्यांना गाठायचं होतं. मुलीचं म्हणणं चूक असेल तर रात्रीतच काहीतरी करून पैज मोडता आली असती. नाखवा होडीला टेकून बसलेले दिसले. मी त्यांच्यापर्यंत गेलो, हवापाण्याच्या गोष्टी केल्या, आणि तसाच परत आलो. पंच म्हणून मला नेमलं होतं. तेवीस मुलांपुढं नेमलं होतं. परत येताना वाटेत चंद्र उगवला, आणि मी मधेच थांबलो. चंद्रसुद्धा काल यापेक्षा लवकर उगवला होता. चंद्र पाणी ओढतो हे मी फळ्यावर दरसाल लिहीत होतो. चंद्र रोज उशिरा उगवतो हेही लिहीत होतो. दोन धडे वेगळ्या पानांवर होते, म्हणून माझ्या डोक्यातही वेगळेच राहिले होते. या पोरीनं पुस्तक न उघडता विहिरीवरून ते जोडलं होतं. आता मला थोडा धीर आला. पण पन्नास मिनिटं की चाळीस, हे मात्र मलाही माहीत नव्हतं.

सकाळी साडेसातला सगळे किनाऱ्यावर. द्वारकाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी टोपलीत घेतलेली. मी घड्याळ हातात धरून उभा. नियम ठरला: घोटा न भिजता खडकापर्यंत जाता आलं की वाट उघडली.

आठ वाजले. वाटेवर पाणी.

"थांबा, थांबा," कारभारी म्हणाले. "तुमचं घड्याळ पुढं असंल."

सव्वाआठला त्यांनी धोतर वर खोचलं आणि स्वतःच पाण्यात शिरले. मधोमध गेले, तोच एक लाट आली आणि कमरेपर्यंत भिजवून गेली. मुलं खदखदून हसली. कारभारी परत आले ते पाणी निथळत.

"खळगा दिसतोय मधी," एवढंच म्हणाले आणि वाळूत बसले.

साडेआठला दगडांची डोकी दिसू लागली. पावणेनऊला शेवाळलेल्या पाठी. आता कुणी हसत नव्हतं. अंबिका दगड मोजत उभी होती, ओठ दाताखाली धरून. नवाला पाच कमी झाले. मी मोठ्यानं वेळ सांगितली.

वाटेच्या मधल्या खळग्यात अजून वीतभर पाणी होतं.

कारभारी उठून उभे राहिले. "झालं! तुझं बी चुकलं, अंबे. माझं चुकलं तसं तुझं बी चुकलं. पैज फिटली."

अंबिका खळग्याकडंच बघत राहिली. पैज फिटली म्हणजे सगळं पूर्वीसारखं; म्हणजे पाचवी नाही. नऊ वाजले. नऊ-दोन. नऊ-चारला खळग्यातलं पाणी दोन दगडांमधून सुळकन निघून गेलं, आणि अंबिका वाटेवरून खळग्यापलीकडं चालत गेली. तिनं फिरून पाय वर करून दाखवला. घोटा कोरडा.

"नऊ मिनिटं उशीर," कारभारी किनाऱ्यावरून म्हणाले.

"आबा," ती तिथूनच ओरडली, "आपल्या विहिरीवर सांडूकाकानं नऊ मिनिटं उशिरा पाणी सोडलं तर तुम्ही बारी मोडली म्हणता का?"

कारभारी धोतराचा सोगा पिळू लागले.

"सांगा की! परवा पुंजारामकाका भांडायला उठला, तेव्हा काय म्हणालात? बारीला चिलीम ओढायाइतकं मागंपुढं चालतं. तुमचाच नेम हाय. चार घरांनी मानला."

"ते विहिरीचं," कारभारी म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"मग मी बारीवरूनच तर काढलं!"

द्वारकाबाई म्हणाल्या, "आता बोला, कारभारीभाऊ. चार घरांना एक नेम आन् लेकीला दुसरा?"

कारभाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंच होतो. मी फक्त विचारलं, "चिलीम ओढायला किती वेळ लागतो, कारभारी?"

त्यांनी ओलं धोतर झटकलं. समुद्राकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. मग हळूहळू त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"धा-बारा मिनिटं तरी लागत्यात," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू."

मुलांनी जो आरडाओरडा केला, त्यानं देवळीवरचे बगळे उडाले. आम्ही सगळे खडकावर गेलो. पोरांनी शिंपले गोळा केले, खळग्यांमध्ये अडकलेले मासे पाहिले, देवळीपुढं भाकरी खाल्ली. कारभारी अंबिकाशेजारी बसले होते आणि तिला बारकाईनं विचारत होते: चौथ्या दिवशी किती? आठव्या दिवशी? ती बोटांवर मोजत सांगत होती. मध्येच त्यांनी तिचं उत्तर चुकवायचा प्रयत्न केला. ती फसली नाही.

कुणाचंच लक्ष नव्हतं. नाखव्यांनी सांगितलेला दीड तास मीही विसरलो होतो. एकदम किनाऱ्यावरून धाकलू नाखव्यांची हाक आली. ते दोन्ही हात हलवत होते. मी वळून पाहिलं तर खळग्यात पाणी पुन्हा चमकत होतं.

"अंबे! बंद कधी होणार ते काढलं नाय का?" कारभारी ओरडले.

"नाय ओ आबा! ते कुणी विचारलंच नव्हतं!"

मग काय, टोपल्या, चपला, शिंपल्यांचे रुमाल घेऊन सगळी वरात वाटेवरून पळत सुटली. कारभाऱ्यांनी एका हातानं अंबिकाला आणि दुसऱ्या हातानं द्वारकाबाईंची टोपली धरली होती. घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही हसत, धापा टाकत वाळूवर आलो. मी दोनदा मुलं मोजली. तेवीस.

कारभारी गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होते. जरा दम खाऊन म्हणाले, "गुरुजी, हे भरायचं, उतरायचं, सगळं नीट पाचवीत शिकवतात ना?"

चिकलठाण्याच्या पाचवीत काय शिकवतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी बिनदिक्कत सांगितलं, "पाचवीत अर्धं. उरलेलं अर्धं सहावीत."

त्यांनी अंबिकाच्या हातातला शिंपल्यांचा रुमाल आपल्या हातात घेतला.

"मग आता अर्धं सोडून कसं चालंल?" ते म्हणाले, आणि बसकडं चालू लागले.