बॉनेटवरचा पंजा

"उमटला! उमटला!" अशी हाकाटी झाली आणि गल्लीतली सगळी माणसं फाटकाकडे लोटली.

गाडीच्या निळ्या बॉनेटवर जाणकारांनी मगभर पाणी ओतलं होतं. पाणी पसरत गेलं आणि बरोबर मधोमध एक पंजा दिसू लागला. पाच बोटं, तळवा, सगळं शाबूत. पंजाच्या आत पाण्याचे टपोरे थेंब उभे होते, बाहेर नुसतं सपाट पाणी. समोरच्या घरातल्या वकिलांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पंजा तिथेच होता.

"कोणाचा हात आहे, ओळखलंत?" जाणकारांनी डोळे मिटून विचारलं.

गाडीचा मालक वारून चार महिने झाले होते, गाडी त्याच्याच दारात उभी होती आणि जमलेले सगळे त्याच्या बायकोकडेच बघत होते. ओळखायला फार विद्या लागत नव्हती. तरीही लोकांनी तोंडात बोटं घातली.

जाणकार म्हणजे गेलेल्या माणसांशी बोलणारे गृहस्थ. "मी कोणीही नाही, नुसता जाणकार," असं ते इतक्या नम्रपणे म्हणत, की आपणच काहीतरी उद्धट बोललो असं ऐकणाऱ्याला वाटे.

"पंजा उभा आहे," ते म्हणाले. "उभा पंजा म्हणजे काय? थांब! तो म्हणतोय, माझी गाडी घरातल्या कोणी चालवू नका. चालवलीत तर अपघात. त्याचा आत्मा सुटेपर्यंत मलाच ही माझ्या अंगणात ठेवावी लागेल. मला गाड्यांचा सोस नाही हो. चालवता येते, तीसुद्धा नाइलाजाने."

त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. गेलेल्या माणसाची बायको किल्ली मुठीत धरून दाराशी उभी होती. सोमवारपासून ती घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याच्या नोकरीवर रुजू होणार होती. स्वतःची गाडी असेल तरच नोकरी, अशी अट होती. नोकरी गेली की हे घर सोडायचं आणि भावाच्या घरी एका खोलीत जाऊन राहायचं, हे ठरलेलं होतं. तरी तिची मूठ सैल व्हायला लागली. नवरा नको म्हणत असेल तर ती काय करणार?

"थांब गं," मागून आवाज आला. "किल्ली वकिलांकडे दे. मला काही विचारायचंय."

ही आक्का, गेलेल्याची थोरली बहीण. शाळेत उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलेली. तिच्यापुढे भूत आलं असतं तर तिने आधी त्याला नीट रांगेत उभं केलं असतं. पण खरं सांगायचं तर पंजा बघून तिचाही जीव गलबलला होता. धाकट्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं. जावं आणि त्या पंजावर आपला हात ठेवावा, असं तिला एकदा अगदी आतून वाटलं. मग तिला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की आक्काचं डोकं झकास चालायचं.

"पाणी सुकलं की हा पंजा कुठे जातो?" तिने विचारलं.

"आत्म्याला ओलावा लागतो, ताई. कोरड्या पत्र्यावर तो बोलत नाही."

"जिवंत होता तेव्हा तर कोरडाच बोलायचा," आक्का म्हणाली आणि भावजयीला घेऊन आत गेली.

मागच्या खोलीत भावाच्या फडताळात सगळं जागच्या जागी होतं. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक स्वच्छ पाण्याची. मऊ फडकी, पॉलिश, वॅक्सची म्हणजे मेणाची डबी. दर रविवारी तो गाडी सावलीत घ्यायचा, वरून खाली धुवायचा, पुसायचा, मग कधी पॉलिश, कधी वॅक्सचा पातळ हात. शेवटी पाणी शिंपडून घरातल्या सगळ्यांना थेंब बघायला बोलवायचा. कोणी आलं नाही तर रुसायचा.

"आता गाडी कशाने धुतेस?" आक्काने विचारलं.

"भांड्यांच्या साबणाने. दर रविवारी, चांगली घासून. त्यांची गाडी मळलेली बघवत नाही मला."

"अगं बाई! त्याने ऐकलं असतं तर तीन दिवस जेवला नसता. भांड्यांचा साबण तेलतूप काढतो, तसा तो वॅक्सही काढतो. म्हणजे गाडीवर वॅक्सचा कण उरला नसणार. मग पंजाएवढ्याच जागेत थेंब का उभे राहतात? हा माणूस याआधी कधी आला होता?"

"परवा. सांत्वनाला." भावजय आठवून सांगू लागली. "गाडीची नाडी बघतो म्हणाले. बॉनेटवर हात टेकवून बराच वेळ उभे होते. नंतर तिथे रुमालाने हळूच पुसलं. मला वाटलं, किती हळवा माणूस!"

आक्का वॅक्सची डबी घेऊन बाहेर आली. तिने बॉनेट कोरडं केलं, उजव्या तळव्याला वॅक्स चोळलं आणि कडेला हात दाबून धरला. मग तो डाग सुकेपर्यंत लोकांना उभं ठेवलं. चुळबुळ करणाऱ्यांकडे तिने एकदाच बघितलं, तेवढं पुरलं. नंतर फडक्याने हलकेच पुसलं. पत्रा स्वच्छ, काही म्हणजे काही दिसेना.

"वकीलसाहेब, ओता पाणी."

वकिलांनी पाणी ओतलं. बॉनेटवर दोन पंजे उमटले, एक मोठा आणि एक आक्काचा.

"माझं निधन झाल्याचं कोणाच्या कानावर आलंय का?" आक्काने विचारलं.

मग वकील म्हणाले, "मी करून बघू?" त्यांचाही उमटला. त्यांच्या बायकोने घाबरून आधी त्यांची नाडी बघितली आणि मग स्वतःचाही हात उमटवून घेतला.

"यात चमत्कार नाही," आक्का म्हणाली. "वॅक्स पाण्याला चिकटू देत नाही, म्हणून तिथे थेंब उभा राहतो. बाकी पत्रा धुऊन उघडा पडलेला, तिथे पाणी पसरतं. सुकलं की सगळं सारखंच दिसतं. जाणकार, तुमचा हात जरा त्या मोठ्या पंजावर ठेवता का?"

जाणकारांचे दोन्ही हात खिशात गेले. "जिवंत माणसांचीही ऊर्जा असते. आणि मला दुसरीकडे एका दुःखी कुटुंबाला..." म्हणत त्यांनी काढता पाय घेतला. फाटक त्यांनी कोपराने उघडलं.

"आमच्या ह्यांचा हात लहान होता," भावजय हळूच म्हणाली. "माझ्याएवढाच. मला पंजा बघितल्याबरोबर कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, गेल्यावर वाढत असेल."

आक्काने तिला जवळ घेतलं. मग ती लोकांकडे वळली.

"हिच्यावर हसायचं नाही. माणूस गेलेलं घर कशावरही विश्वास ठेवतं. मीही ठेवणार होते. ही लबाड माणसं तेवढंच हेरून येतात. पण तुमच्या घरचं तर कोणी गेलं नव्हतं! तुम्ही एवढेजण होतात, एकाने तरी विचारायचं होतं की पाणीच कशाला लागतं? विचारल्याने गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. न विचारल्याने राहिलेल्या माणसाचं घर जातं."

वकिलांनी किल्ली परत दिली, खाली बघत.

लोक पांगल्यावर भावजयीने पॉलिश घेतलं आणि मोठा पंजा घासायला लागली. घासता घासता तिचे डोळे वाहायला लागले.

"दे इकडे, मी पुसते," आक्का म्हणाली.

"नको. हात चोराचा आहे, तो मीच काढणार. रडतेय ती माझ्या माणसासाठी. चार महिन्यांत धड रडलेच नव्हते, आक्का. आज कुठे कळलं की ते खरंच नाहीत."

आक्काने दुसरं फडकं घेतलं आणि पलीकडून घासायला लागली. सोमवारी भावजय वेळेवर कामावर गेली.