न कुरतडलेलं पान

भिंगकाकांना फुलपाखरांचं वेड आहे असं आख्खी गल्ली समजायची. खरं वेड भिंगांचं होतं. फुलपाखरू हे ते वापरायचं निमित्त. नोकरीभर त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांच्या पोच्यांचे फोटो काढले होते, आणि निवृत्त झाल्यावर तीच नजर गच्चीवरच्या लिंबाच्या कुंड्यांकडे वळवली होती. सुरुवातीला फुलपाखरं बरीच यायची, फोटोही बरे यायचे.

मग त्यांच्या फोटोग्राफी क्लबच्या स्पर्धेत परीक्षकानं त्यांच्या फोटोला दुसरा नंबर दिला. फुलपाखरू उत्तम, पण मागचं पान कुरतडलेलं आहे, म्हणाला. हे काकांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फवारणीचा पंप आणला आणि गच्चीवरच्या एकूण एक अळीचा फडशा पाडला. पानं अशी गुळगुळीत झाली की हात फिरवत बसावं.

काकूंनी सांगून पाहिलं. "अहो, पान खाते ती अळीच पुढं फुलपाखरू होते."

"मला शिकवू नकोस," काका म्हणाले. "फुलपाखराला भिंग लागतं, अळीला पंप."

त्यानंतर फुलपाखरं कमी झाली, आणि आली तरी कठड्यावर टेकून निघून जायची. काकांनी निदान केलं की आपलं साठ मिलिमीटरचं भिंग तोकडं पडतंय, त्यासाठी फार जवळ जावं लागतं. म्हणून शंभरचं आणलं. फुलपाखरं आणखी कमी झाली, तेव्हा एकशेऐंशीचं आणलं. लांबून टिपता येतं हो, असं ते भेटेल त्याला सांगत. टिपायला समोर काही उरलंय का, हे विचारायची सोय नव्हती.

अशातच त्यांना क्लबच्या अध्यक्षपदाचे डोहाळे लागले. चिटणीसबाईंनी एका रविवारी सगळ्यांना काकांच्या गच्चीवर प्रात्यक्षिकाला बोलावलं. ते झालं की तिथंच अध्यक्ष ठरणार होता. पाहुण्यांसमोर पानं चमकावीत म्हणून काकांनी ते यायच्या तोंडावर एक हात फवारून घेतला.

मंडळी जमली. काकांनी गुडघे टेकून, कोपरं पोटाशी धरून दाखवलं. आपली सावली पडू द्यायची नाही, कॅमेरा पंखांना समांतर धरायचा म्हणजे दोन्ही पंख सारखे स्पष्ट येतात, भिंगावरची फोकसची कडी फिरवत बसण्यापेक्षा आपणच हळूच पुढं-मागं व्हायचं. सगळं बिनचूक होतं. फक्त फुलपाखरू नव्हतं. चहा झाला, मग पुन्हा चहा झाला. काका घामाघूम झाले आणि चिटणीसबाई घड्याळ बघायला लागल्या.

नवऱ्याचा उतरलेला चेहरा काकूंना बघवेना. वॉशिंग मशीनमागच्या खिडकीत त्यांनी लिंबाचं एक रोपटं पंपापासून लपवून वाढवलं होतं. त्यावरच्या कोशातून त्याच सकाळी फुलपाखरू बाहेर पडलं होतं आणि अजून पंख वाळवत बसलं होतं. ते कुणाला दाखवायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तरी त्या कुंडी घेऊन गच्चीवर आल्या आणि काकांपुढं ठेवून म्हणाल्या, "घ्या. पण हात लावू नका."

सगळे कॅमेरे एकदम वर झाले. काकांनी डोळा लावला आणि त्यांचं तोंड कडू झालं. रोपट्याचं पानन्‌पान कुरतडलेलं होतं. असला फोटो चिटणीसबाईंसमोर काढायचा म्हणजे पुन्हा दुसरा नंबर. काकूंनी हात धरायच्या आत त्यांनी फुलपाखराला अलगद बोटावर घेतलं आणि आपल्या मोठ्या झाडाच्या सगळ्यात तुकतुकीत, ओल्या पानावर बसवलं.

फुलपाखरू थोडं थरथरलं, पंख उघडून बसलं आणि मग अगदी स्तब्ध झालं. असं आज्ञाधारक फुलपाखरू क्लबात कुणी पाहिलं नव्हतं. काका समोरून, बाजूनं, वरून वाकून काढत सुटले. बाकीचेही गर्दी करून, एकमेकांच्या खांद्यावरून काढत होते. पान स्वच्छ, पंख समांतर, कुठं हलल्याची रेघ नाही. धीर म्हणतात तो हा, असं चिटणीसबाई म्हणाल्या आणि त्यांनी अध्यक्षपदासाठी काकांचं नाव पुकारलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्यांनीही पानावर काही हललं नाही.

ते काकूंनी पाहिलं. काकांनीही पाहिलं असावं, कारण त्यांनी कॅमेरा खाली घेतला होता आणि हार घालून घ्यायला मान पुढं केलेल्या माणसासारखं हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं. आणखी एक-दोन मिळतील का, असं मागून कुणीतरी विचारलं.

"काढा की," काकू म्हणाल्या. "सावकाश काढा. ते आता कुठं जात नाही."

आणि मंडळी खरंच पुढं सरकली.