चालकासह वजन

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या लाल स्पोर्ट्स गाडीतलं पेट्रोल इंजिन काढून ती विजेवर आणायचं ठरवलं, तेव्हा "तीन महिन्यांचं काम" असं सांगितलं होतं. विषय भौतिकशास्त्र, तेव्हा काळ सापेक्ष असणारच, हे बायकोने समजून घेतलं. दोन वर्षं झाली. काढलेलं इंजिन दिवाणखान्यात आलं, त्यावर चादर पडली आणि पाहुणे त्यावर पाण्याचे पेले ठेवू लागले.

मोटर आणि बॅटऱ्या मोडीत निघालेल्या एका गाडीच्या. मोटर गिअरबॉक्सला जोडणारी लोखंडी चकती चारदा चुकली. पाचव्यांदा लेथवाला म्हणाला, "सर, या खेपेला माप मीच घेतो," आणि ती बसली. तिला प्राध्यापक 'माझं डिझाइन' म्हणत.

उरला प्रश्न वजनाचा. बॅटऱ्या मागे बसवलेल्या, आणि मागच्या चाकांवर किती भार चालेल हे सरकारी कागदावर छापलेलं. शुक्रवारी पाचपर्यंत तपासणीत पास झाली नाही, तर गाडीची नोंदणी कायमची रद्द.

मग स्वयंपाकघरातला काटा आणि माणसं तोलायचा काटा, दोन्ही गॅरेजमध्ये गेले. नटबोल्टसुद्धा तोलून वहीत उतरले. रेडिओ गेला, पायपुसणी गेली. शेजारची अख्खी खुर्ची गेली.

"अहो, ती माझी जागा होती."

"साडेअकरा किलो होती."

वहीच्या शेवटच्या ओळीवर बायकोचं बोट थांबलं. 'चालक : ७२ किलो.'

"हा कोण?"

"मी."

"कधीचे तुम्ही?"

"डॉक्टरांच्या सहीचा दाखला आहे," प्राध्यापक म्हणाले. दाखला नोकरीला लागतानाचा होता आणि सही करणारे डॉक्टर निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली होती, हा तपशील त्यांना गौण वाटला.

"एकदा काट्यावर उभे तर राहा."

"इथे बोल्ट तोलायचे राहिलेत, अगं."

शुक्रवारी बायको बसने तपासणी केंद्रावर पोचली, तेव्हा गाडी वजनकाट्यावर उभी होती. रिकामी गाडी नियमात बसली. प्राध्यापकांनी कृतकृत्य नजरेने इकडेतिकडे पाहिलं.

"छान," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "आता चालकासह."

प्राध्यापक आत बसले. मागच्या चाकांवर नऊ किलो जास्त.

"काटा बिघडलाय तुमचा."

"सकाळीच तपासलाय, सर."

प्राध्यापकांनी कोट उतरवला. पट्टा काढला, बूट काढले, खिशातल्या किल्ल्या बायकोच्या हातात दिल्या. सहा किलो जास्त. ते पोट आत घेऊन निश्चल बसले.

"सर, श्वास घेतलात तरी चालेल," बाई म्हणाल्या. "त्याने फरक पडत नाही."

हे त्यांनीच वर्गात पंचवीस वर्षं शिकवलं होतं.

"एक बॅटरी काढून आणा."

"चार तासांचं काम आहे हो ते! आणि आता साडेचार वाजलेत!"

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, चष्मा सारखा केला. "यात नुसतं 'चालक' लिहिलंय. परवाना असलेला कुणीही चालेल."

दोघांनीही बायकोकडे पाहिलं. या गाडीचं स्टीअरिंग तिला पुसण्यापुरतंच ठाऊक होतं.

"बसू का?" तिने पर्समधून आपला परवाना काढत विचारलं.

प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं, गाडी पाहिली, आणि मोज्यांवर खाली उतरले.

ती बसली. काट्याने हूं की चूं केलं नाही. बाईंनी शिक्का मारला आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'चालकाचं वजन ऐंशी किलोंहून अधिक नसावं.'

"म्हणजे मी..." प्राध्यापक म्हणाले.

"कमी करून या, सर. बॅटरी किंवा काहीही. मग पुन्हा तोलू."

बायकोने आरसा आपल्या उंचीला लावून घेतला. खुर्ची पुढे ओढली.

"अहो, बस समोरून सुटते. पंधरा नंबरची."

"आणि तू?"

"एका चार्जमध्ये किती लांब जाते, ते बघून येते. कुणीतरी मोजायला हवं ना?"

गाडी फाटकातून बाहेर गेली, अगदी बिनआवाज. डिझाइन खरंच उत्तम झालं होतं.