आग शिंपणारी झारी

मी एक जुनी झारी आहे. मित्रांनो, माझ्या बहिणी बागेत पाणी शिंपतात. मी आग शिंपते. माझ्या पोटात तेल, चोचीच्या टोकाशी पेटती वात. मला कलंडवलं की जळते थेंब जमिनीवर पडतात. आणि मी आहे अग्निशमन दलाची!

एका कारागिराने जाड पत्रा ठोकून मला घडवलं. सांधे जोडायला त्याने दिलेला कथलाचा डाग इतका पक्का, की मी अजून गळत नाही. दलाच्या खोलीत मी पंपाशेजारी टांगलेली असे. पंप सगळ्यांचा लाडका. मला पाहून मुलं विचारत, ही इथे कशाला? दलाचा मुकादम सांगे, ही युक्ती लढाईतली आहे. शत्रूने गवत पेटवलं की सैनिक स्वतःच्या पुढचं गवत आधीच जाळून टाकत. मग येणाऱ्या आगीला खायला काही उरत नसे. बुद्धिबळातही मुकादम प्यादं देऊन राजा वाचवी. त्याच्या थोरल्या भावाला मात्र एक प्यादं सोडवत नसे. म्हणून तो कायम हरे.

एका दुपारी डोंगरावरचा वणवा वस्तीकडे वळला. पंपाचं पाणी संपलं. वणवा आणि घरं यांच्यामध्ये उरलं एकच कुरण, तेही थोरल्याचं. त्याच्या जनावरांची वर्षभराची वैरण तिथे उभी होती. मुकादमाने माझी वात पेटवली, तसा थोरला आडवा आला.

"वाचवायला आलास की जाळायला?"

"दादा, वैरण मागून आणता येईल. घरं कुठून आणू?"

थोरल्याने मागे वळून घरांकडे पाहिलं आणि वाट सोडली. "लाव मग. बघतोस काय?"

पण मुकादम थांबला. त्याने चिमूटभर सुकं गवत हवेत सोडलं. ते घरांकडे उडालं. आत्ता पेटवलं असतं तर आमचीच आग घरांत शिरली असती. लोक ओरडत होते, थोरला शिव्या घालत होता, मुकादम पुन्हा पुन्हा गवत सोडत होता. मोठी आग जवळ आली की हवा स्वतःकडे ओढून घेते, हे त्याला ठाऊक होतं. अखेर गवत वणव्याकडे उडालं.

"आता," तो म्हणाला, आणि मला तिरकं धरून कुरणाच्या घरांकडच्या कडेने धावत सुटला.

माझी आग वणव्याला सामोरी गेली. कुरणाच्या मध्यावर दोन्ही आगी भिडल्या, उंच उसळल्या आणि उपाशी मेल्या. मागे एकाही घराला झळ लागली नाही.

थोरला काळ्या कुरणाकडे बघत राहिला. मग भावाला म्हणाला, "दिलं बाबा एकदाचं प्यादं."

वैरण शेजाऱ्यांनी पुरवली. पुढे दलात नव्या, चकचकीत झाऱ्या आल्या आणि मी खुंटीवर धूळ खात राहिले. मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी थोरला येतो, आपल्या रुमालाने माझी चोच पुसतो. मग दोघे भाऊ कुरणाच्या कडेचा पट्टा आधीच जाळून ठेवतात.

मित्रांनो, माझी चोच साफ ठेवा, वात कोरडी ठेवा. मला जाणत्या हातातच द्या, आणि त्या हातालाही आधी चिमूटभर गवत सोडून पाहू द्या. वारा अजून उलटा असेल, तर घाई नको. मला थांबता येतं.