परक्या हाताची घडी

तंबूत काहीतरी चुकलं होतं आणि नेमकं काय, ते तिला सापडत नव्हतं. सकाळपासून ती त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. ताप उतरलेल्या लेकराच्या खाटेभोवती आई घालते तशा. ताप नाही हे माहीत असतं, तरी दर पाच मिनिटांनी हात कपाळाकडे जातोच.

शिवणी पाहून झाल्या. शिवणींवरची पाणी अडवणारी टेप नखाने खरवडून झाली. चेन पन्नास वेळा वरखाली केली. वरून नळीने पाणी सोडलं, आत टिपकागद पसरले, कागदावर एक थेंब नाही. वजन चौदाशे चौऱ्याण्णव ग्रॅम, म्हणजे सैन्याने घालून दिलेल्या दीड किलोच्या आत. सगळं जिथल्या तिथे. आणि तरीही ती पुन्हा पहिल्या शिवणीकडे वळली.

या कारखान्यात सैनिकांसाठी आणि हौसेने डोंगर चढणाऱ्यांसाठी हलके तंबू, पाठपिशव्या, झोपायच्या खोळी शिवत. ती तिथली तपासनीस. गेटबाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कागदावर तिची सही लागे. शिवणाऱ्या बायकांनी तिला ‘धास्ती’ नाव ठेवलं होतं आणि ते तिच्या तोंडावर घेत. तिला राग येत नसे. रात्री तीनदा उठून मुलीचा श्वास चालू आहे ना ते बघणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

“बाई, सही?” मालक कागद घेऊन आले. तीन वाजता सैन्याचे साहेब नमुना बघायला येणार म्हणून त्यांनी आज नवा शर्ट घातला होता. कॉलरमधली टाचणी काढायची राहिली होती, त्यामुळे मान जरा तिरकी.

“करते. जरा थांबा.”

“जरा म्हणजे किती?”

“काहीतरी राहिलंय.”

“काय राहिलंय?”

“तेच कळत नाहीये ना.”

मालकांनी पेन्सिल कानामागे खोचली. हे फार वाईट लक्षण होतं. “मागच्या महिन्यात पाठपिशव्यांच्या बकलात ‘काहीतरी’ होतं. गाडी दोन दिवस दारात उभी. निघालं काय? काही नाही. बाई, शंका दाखवता आली तर दाखवा, मी स्वतः उसवायला बसतो. नाही दाखवता आली तर सही करा. आणि आजही उगाच अडवलंत, तर सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला. मला तपासनीस पाहिजे, ज्योतिषी नको.”

बोलून ते गेले. त्यांचं चूक नव्हतं, हीच पंचाईत होती. कागदावर छापलेलं होतं, ‘तपासले, वापरास योग्य’. वापरणार कोण? बर्फाळ डोंगरावर, झोंबऱ्या वाऱ्यात, कोणाची तरी पोरं. त्यांच्या आया घरी बसून काय काय कल्पना करत असतील, ते तिला न विचारता माहीत होतं.

पलीकडे मोकळ्या जागेत जावा-जावा तंबू उभारायचा सराव करत होत्या. थोरली आणि धाकटी. घरी एक स्वयंपाकघर, इथे शेजारशेजारची मशीनं, आणि दिवसभर दोघींचं वाकडं. पण तंबू हातात आला की अबोला कामी यायचा. थोरली पिशवी झटकायची, घडी उलगडायची, धाकटी उजव्या हाताला पडलेली काठी उचलून डोक्याकडच्या नेफ्यात ओवायची, थोरली डावीकडची पायाकडच्या नेफ्यात. इकडे ताण, तिकडे खुंटी, आणि तंबू उभा. दोन मिनिटं दहा सेकंद. परीक्षेला पाच मिनिटांची मुभा होती.

“बघ गं धास्ती,” धाकटी म्हणाली, “डोळे मिटून करू?”

“हिचे मिटलेलेच असतात,” थोरली म्हणाली. “परवा माझ्या डब्यावर बसली.”

“डबा खुर्चीवर ठेवतं का कोणी?”

बाराच्या सुमाराला धास्तीच्या सासूबाई आल्या, कडेवर नात, पिटुकली. अडीच वर्षांची, पाळणाघराला रंग देत होते म्हणून आज आजीकडे.

“तुझी आठवण काढून भोकाड पसरलं हिने,” सासूबाई म्हणाल्या. “आणि खरं सांगायचं तर मलाही तुझा कारखाना बघायचा होता. जेवलीस?”

“हो, म्हणजे, जेवते आता.”

“नाही जेवली. तोंडावर लिहिलंय.”

सासूबाई अडतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. त्यांच्यासमोर थर्मामीटरचंही खोटं टिकत नसे. त्यांनी सुनेला हाताला धरून डब्यासमोर बसवलं. चार घास झाले असतील नसतील, तोवर पिटुकलीने टेबलावरची पिशवी ओढून नमुन्याचा तंबू, काठ्या, खुंट्या, सगळं जमिनीवर ओतलं आणि मधोमध बसून टाळ्या वाजवल्या.

“अगं बाई!” ती ताडकन उठली.

“तू हिचे हात धू आधी, ग्रीस लागलंय. हे मी बघते,” सासूबाई म्हणाल्या.

नळाला पाणी बारीक. पिटुकलीला पाण्यातून बाहेर काढणं हे वेगळंच काम. ती परत आली तेव्हा पिशवी टेबलावर होती, आधीपेक्षाही देखणी. कडेला कड जुळलेली, एक सुरकुती नाही.

“हजारो चादरी घातल्यात मी,” सासूबाई म्हणाल्या.

एक वाजता शेवटची तालीम. मालक हातात घड्याळ घेऊन उभे, कटिंगमास्तर कात्री गळ्यात अडकवून शेजारी, सगळी मशीनं बंद. बर्फातल्यासारखे जाड हातमोजे घालून जावा पुढे झाल्या. मोठा पंखा सुरू झाला.

“चला!”

थोरलीने पिशवी झटकली. घडी उलगडली. धाकटीने सवयीने उजवीकडची काठी उचलून डोक्याकडे ओवली, थोरलीने डावीकडची पायाकडे. ताण दिला. तंबू उठायला लागला आणि मध्येच रुसलेल्या उंटासारखा एका कुशीवर कलला.

“ओढ ना!”

“ओढतेय! तूच सैल सोडलंस!”

“मी? मी सोडलं?”

थोरलीने दात-ओठ खाऊन रेटा दिला. टर्रर्र. पायाकडचा नेफा वीतभर उसवला आणि काठीचं टोक शिंग फुटल्यासारखं बाहेर आलं.

पंखा तेवढा घुमत राहिला. मालकांची मान होती त्याहून तिरकी झाली.

“पिशवीला हात कोणी लावला?”

“मी लावला,” सासूबाई पुढे झाल्या. “सांडलं होतं, नीट घडी घालून ठेवलं. त्यात काय चुकलं?”

“अहो आजी, लांब काठी उजवीकडेच ठेवतात!”

“कुठे लिहिलंय?”

“लिहायचं कशाला? सगळ्यांना माहीत आहे!”

“मला नव्हतं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

आणि ती हसायलाच लागली. सकाळपासून जे हाताला लागत नव्हतं ते समोर फाटून पडलं होतं आणि तिला हसू थांबवता येईना. जावा एकमेकींकडे बघायला लागल्या, वर्षभरात पहिल्यांदाच.

“सापडलं,” ती म्हणाली. “मालक, सापडलं! आपण इतके दिवस आपलीच घडी उघडतोय. आपणच भरायचं, आपणच उलगडायचं. दोन काठ्यांत चार बोटांचा फरक, दुमडल्या की दोन्ही सारख्याच दिसतात. आपल्या हातांना पाठ झालंय, म्हणून आपण कधी चुकलोच नाही. डोंगरावर घडी कोण घालणार?”

“सैनिक,” कटिंगमास्तर म्हणाले.

“घडी कसली, कोंबणार,” सासूबाई म्हणाल्या. “पोरं आहेत ती. माझ्या वॉर्डात पायजमे कसे कोंबायची ते मी पाहिलंय.”

“ओली, गोठलेली, अंधारात कोंबलेली पिशवी,” ती म्हणाली. “उघडतील आणि हातात येईल ती काठी ओवतील. निम्म्या वेळा चुकणार. चुकली की नेफा फाटणार. तुम्ही म्हणालात शंका दाखवा. ही बघा, हा वीतभर दाखला.”

मालकांनी फाटक्या नेफ्यातून बोट घातलं, पलीकडे काढलं आणि स्वतःच्याच बोटाकडे बराच वेळ बघितलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या. “दोन तास आहेत. करायचं काय?”

“रंग देऊ या,” धाकटी म्हणाली. “लाल काठी, लाल नेफा.”

“अंधारात लाल कसं दिसणार?” थोरली.

“मग तू सांग!”

“दोन्ही काठ्या एकाच मापाच्या केल्या तर?” मालक म्हणाले.

कटिंगमास्तरांनी मान हलवली. “सगळा कापच बदलेल. आठवडा पाहिजे.”

पिटुकली आजीला चिकटून उभी होती. तिच्या कोटाच्या बाह्यांमधून लोकरीचे दोन हातमोजे लोंबत होते. हरवतात म्हणून आजीने त्यांना दोरी लावून ती कोटातून ओवली होती. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, फेकून दिला तरी फार तर लोंबेल.

“बांधून टाकू या,” त्यांच्याकडे बघता बघता तिची आई म्हणाली.

“कशाला?”

“काठीला. जिची तिच्या नेफ्याच्या तोंडाशी. वीतभर इलास्टिकची पट्टी, एक टोक काठीत, एक नेफ्याला शिवलेलं. कशीही कोंबा, काठी आपलं घर सोडणारच नाही. ओवताना विचारच करायचा नाही.”

कटिंगमास्तरांनी काठी नेफ्याच्या तोंडाशी धरून बघितली. मग थोरलीने मशीनचं बटण दाबलं. “इलास्टिक आण,” ती जावेला म्हणाली. “आणि रुंद आणू नकोस, तुझी अक्कल.”

“मला कळतं!”

वीस मिनिटांत उसवलेला नेफा शिवून झाला, पट्ट्या लागल्या, शिवणींवर टेप बसली. तंबू काट्यावर चढवला. पंधराशे सहा.

“सहा ग्रॅम जास्त,” ती पुटपुटली. “दीड किलो म्हणजे दीड किलो. साहेब काटा घेऊन येणार.”

सगळे कामाला लागले. खुंट्यांच्या दोऱ्या छाटल्या, एक ग्रॅम. शिवणीतले धागे काढले, काट्याने दखलही घेतली नाही. कटिंगमास्तर तंबूभोवती एक फेरी मारून दारावर थांबले. तिथे कारखान्याचं बोधचिन्ह होतं; तळहाताएवढं, तीन रंगी धाग्यांत भरतकाम केलेलं, डोंगरामागून उगवणारा सूर्य. चित्र मालकांनी स्वतः काढलेलं.

“हे अकरा ग्रॅम भरेल,” मास्तर म्हणाले.

“नाही,” मालक म्हणाले.

मास्तरांनी काट्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं.

“अहो, नाव कळायला नको का? कोणाचा तंबू आहे ते?”

“ज्याला ऊब लागेल तो विचारून घेईल,” सासूबाई म्हणाल्या.

मालकांनी मास्तरांच्या गळ्यातली कात्री घेतली, खाली बसले आणि स्वतःच्या हाताने, एकेक टाका मोजत असल्यासारखा, सूर्य उसवला. मागे राहिलेल्या सुईच्या भोकांवर त्यांनीच टेप दाबली. काटा चौदाशे शहाण्णववर स्थिरावला.

तिने सही केली. फक्त तारीख चुकली.

तीन वाजता साहेब आले, सोबत ट्रक चालवणारा आडदांड जवान. साहेबांनी वजन केलं, पाणी सोडलं, शिवणी चाचपल्या. जावा हातमोजे चढवून सज्ज झाल्या.

“तुम्ही नाही,” साहेब म्हणाले. “शिवणाऱ्याला सगळं येतं. हा तंबू आजवर कधीच न उभारलेलं इथे कोण आहे?”

बारा बोटं एकदम सासूबाईंकडे वळली.

“ठीक. आजी आणि माझा ड्रायव्हर.” साहेबांनी तंबू चुरगाळला, गुडघ्याने पिशवीत कोंबला, वर दोन लाथा घातल्या आणि पिशवी ओल्या जमिनीवर फेकली. मालकांनी डोळे मिटले.

पंखा सुरू झाला. सासूबाईंनी हातमोजे घातले, पिशवी उपडी केली आणि चिखलाच्या त्या गोळ्याकडे एकदा नीट बघितलं.

“बाळा,” त्या जवानाला म्हणाल्या, “तिकडचं टोक धर. ओढू नकोस, नुसतं धर.”

“जी, आजी.”

“हे दांडकं याला बांधलंय, म्हणजे इथलंच असणार. ओव.”

सुनेची नजर घड्याळावर होती. एक मिनिट. काठीचे तुकडे जोडण्यात दुसरं गेलं. तिसऱ्या मिनिटाला वाऱ्याने कापड जवानाच्या तोंडावर गुंडाळलं आणि आत कुठेतरी तो आजीला हाका मारायला लागला. “हसू नका, मदत नाही करता येत तर,” सासूबाईंनी जावांना दटावलं. चौथ्या मिनिटाला पहिली काठी कमानीसारखी उठली, मग दुसरी. खुंट्या ठोकताना त्या जवानाला चादरीचा कोपरा कसा आवळायचा ते शिकवत होत्या, आणि तो शिकतही होता.

“चार चाळीस,” साहेब म्हणाले.

तंबू ताठ उभा होता. मालकांनी कोणाच्याही नकळत डोळे पुसले. सगळ्यांनी ते पाहिलं.

साहेब कागद भरू लागले तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, आजूबाजूला पिटुकली नाही. मशीनखाली, नळाशी, गेटवर, तिची नजर झरझर फिरली. मग तिने तंबूची चेन बोटभर उघडली.

आत पिटुकली पालथी झोपली होती, गाल जमिनीच्या कापडावर, एक बूट पायात, एक हातात. बाहेर पंखा घोंगावत होता. आत केसही हलत नव्हता.

“काय झालं?” साहेबांनी मोठ्याने विचारलं.

“शूऽऽ,” सासूबाई, जावा, मास्तर आणि मालक एकदम म्हणाले.

साहेबांनी वाकून आत पाहिलं. “आता मला हा उतरवायला किती वेळ लागतो ते बघायचंय,” ते कुजबुजले.

“तासभर लागेल,” तिनेही कुजबुजून सांगितलं. “दुपारची झोप आहे.”

साहेब थोडा विचार करून खुर्चीवर बसले. कोणीतरी चहा ठेवायला गेलं. जवान चवड्यांवर बसून ताणदोऱ्या पुन्हा एकदा आवळत होता. ती तंबूच्या दाराशी बसली, चेनच्या फटीतून हात घालायला निघाली, मुलीचा श्वास बघायला. पण कापडाच्या भिंतीतूनच बारीकसं घोरणं ऐकू येत होतं. तिने हात मागे घेतला आणि दुपारी अर्धवट राहिलेला डबा उघडला.